पोहावयास कोणीं शिकवावें ?

वार्षिक परीक्षा संपून मुलें घरीं बसलीं आणि ऊन तापूं लागलें, कीं कृष्णाकांठच्या घराघरांत एक वाद दरवर्षीं नव्यानें उपस्थित होतो. मुलांना पाण्यांत जाऊं द्यावयाचें कीं नाहीं ? आई म्हणते, नको. वडील म्हणतात, कोणी मोठें माणूस बरोबर असेल तर हरकत नाहीं. आजी कांहीं न बोलतां देवघराकडे पाहतात. आणि मुलें तोंवर टॉवेल घेऊन जिन्यापर्यंत गेलेलीं असतात. वाद बहुधा वडिलांच्या तडजोडीवर मिटतो. पण हें 'कोणी मोठें माणूस' म्हणजे नेमकें कोण, आणि त्यास स्वतःला पोहतां येतें काय, हें कोणीच विचारीत नाहीं. या महिन्यांत तेंच विचारावें असें योजिलें आहे.

सातारा व सांगली हे पाण्याशेजारीं वसलेले जिल्हे. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांवरून खालीं येते, क्षेत्र माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास समोरून आलेल्या कोयनेच्या गळ्यांत पडते, ब्रह्मनाळास येरळेला आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणेला पोटांत घेते. प्रत्येक संगमावर देऊळ आहे, घाट आहे, पायऱ्या आहेत. वाईला घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. आपण तिची ओटी भरतों, तिला माई म्हणतों. मात्र या माईच्या अंगावर तरंगावें कसें, हें आपल्या घरांतील निम्म्या माणसांना, म्हणजे बायकांना, कोणीं कधीं शिकविलें नाहीं. शतकानुशतकें त्यांनीं त्याच पायऱ्यांवर स्नान केलें, धुणीं धुतलीं, दिवे सोडले, आणि पाय घसरला तेव्हां त्या हाक मारण्यापलीकडे कांहीं करूं शकल्या नाहींत.

पूर्वीं ही विद्या घरोघर होती असें म्हणतात, तें पुरुषांपुरतें खरें आहे. आमच्या लहानपणीं पोहणें शिकविण्याचें खातें घरांतील एखाद्या काकांकडे असे. चैत्र-वैशाखांत सकाळीं मळ्यांतल्या विहिरीवर मुलांची रांग लागावयाची. वाळलेला पोकळ भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीवर बांधावयाचा, काकांनीं दंडाला धरून पायरीवरून सोडून द्यावयाचें, आणि मुलानें गटांगळ्या खात, किंचाळत, हातपाय मारीत पुन्हां पायरी गांठावयाची. आठवड्यानें भोपळा सुटे, आणि पंधरवड्यानें तेंच पोर कठड्यावरून मुटका मारून काकांना भिजवी. ही पद्धत कांहींशी रानटी होती यांत शंका नाहीं. तिनें कित्येकांना पट्टीचे पोहणारे केलें, तसें कांहींजणांना जन्मभर पाण्याचें भयही घातलें. परंतु आजच्या सहलींत न दिसणारी एक गोष्ट तींत होती : काका स्वतः पाण्यांत असत.

भोपळा करीत होता तें काम वस्तुतः आपली छातीच करूं शकते. मनुष्याचें शरीर पाण्याहून फारसें जड नाहीं. छातींत श्वास भरलेला असतां तें बहुधा वर राहतें. बुडणारा मनुष्य बुडतो तो घाबरून हात पाण्याबाहेर वर करतो म्हणून. जेवढें अंग पाण्याबाहेर, तेवढा भार तोललेला नाहीं. हात वर गेले कीं नाक खालीं गेलेंच. म्हणून शिकणाऱ्याचा पहिला धडा हात मारण्याचा नव्हे, तर उताणें पडून, कान पाण्यांत बुडवून, आकाशाकडे पाहात स्वस्थ राहण्याचा. हा धडा आठ वर्षांच्या मुलाला चार दिवसांत येतो. मोठ्या माणसाला अधिक दिवस लागतात, कारण त्याला स्वस्थ पडून राहणेंच मुळीं अवघड जातें.

पुढें मोटा जाऊन विहिरींवर विजेचे पंप आले, घरांत नळ आले, काका पुण्यास किंवा त्याहूनही दूर नोकरीस गेले, आणि हें खातें कोणाकडेच राहिलें नाहीं. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे करून घरोघर पोंचविले. पोहण्याला असा राजा लाभला नाहीं.

नदीही पूर्वीची राहिलेली नाहीं, हें जुन्या मंडळींनीं लक्षांत घेतलें पाहिजे. 'आम्ही नाहीं का पैलतीर गांठून येत होतों !' असें म्हणून नातवाला घाटावर धाडणारे आजोबा आपल्या वेळच्या नदीविषयीं बोलत असतात. आतां वर धोम, कण्हेर, कोयना अशीं धरणें आहेत, आणि त्यांतून पाणी सोडलें म्हणजे आभाळ निरभ्र असतांही पात्रांतील पाणी चढतें. वाळू उपसून ठिकठिकाणीं खड्डे पडले आहेत; काल जेथें कमरेएवढें पाणी होतें तेथें आज डोह असतो, आणि वरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखींच दिसतात. शहरांचें सांडपाणी नदींत येतें, त्यामुळें कान व त्वचा यांचे विकार जडतात. आणि औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ या टापूंत मगरी आहेत. नदींत उतरलेल्या माणसांवर त्यांनीं हल्ले केल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत घडल्या आहेत. मगरीचा यांत अपराध नाहीं, नदी तिचें घर आहे. परंतु मुलानें पहिला धडा तिच्या घरीं जाऊन घेऊं नये. पावसाळ्यांत सांगलीवाडी, समडोळी, डिग्रज येथील तरुण होड्यांच्या शर्यतींत वल्हीं मारतात तें दृश्य पाहून कोणाचीही छाती फुगेल. पण ते नदीचे रोजचे सोबती आहेत. त्यांचें पाहून सुटीला आलेल्या पाहुण्यानें पुरांत सूर मारावा, हें निव्वळ अविचाराचें आहे.

मग सोपा मार्ग असा दिसतो, कीं मुलांना पाण्याजवळ जाऊंच देऊं नये. सांगलींतील आमच्या परिचयाच्या एका घरीं हा मार्ग साठ वर्षें चालला. त्या घरच्या आजी माहेरीं दहा वर्षांच्या असतांना त्यांचा धाकटा भाऊ घाटावरून पाय घसरून गेला. घाटाच्या तिसऱ्या पायरीखालीं कोणीं उतरावयाचें नाहीं, असा नियम त्यांच्या वडिलांनीं केला, आणि आजी सासरीं आल्या त्या हा नियम बरोबर घेऊनच. मुलें, सुना, नातवंडें सर्वांनीं तो पाळला. एका आईच्या घरावर कोसळलेल्या दुःखांतून निघालेला नियम मोडावा कसा ? घरांत डॉक्टर झाले, इंजिनियर झाले. पोहणारा एकही झाला नाहीं.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेनेंच तो नियम मोडला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. या घराचा तळमजला रात्रींतून भरला आणि पाणी जिन्यानें वर येऊं लागलें. घरांत चौदा माणसें. त्यांत पोहतां येणारें माणूस एकच, मालवणकडून आलेली नातसून. तिचें बालपण खाडीकांठीं गेलेलें. कंदिलाच्या उजेडांत जिन्याकडे पाहात ती म्हणाली, "आजी, तिसरी पायरी आतां आपल्याच जिन्याची झाली. इथून निघालों कीं पोरींना मला शिकवूं द्या." आजींनीं उत्तर दिलें नाहीं. बचावाची होडी तिसऱ्या दिवशीं आली. होडींत बसतांना ती सून सोडून सर्वांचे हात काठाला असे घट्ट चिकटले होते, कीं उतरतांना ते एकेक करून सोडवावे लागले.

पुढें करोनाचीं वर्षें आलीं, पोहण्याचे तलाव बंद राहिले. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला. आजींचें उत्तर त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मिळालें : "शिकव. पण मी कांठावर बसणार." त्याप्रमाणें त्या महिनाभर रोज सकाळीं तलावाच्या कांठीं खुर्ची टाकून बसल्या. जपमाळ हातांत, पण जप नामाचा होता कीं डोक्यांचा, हें सांगतां यावयाचें नाहीं. एक, दोन, तीन, चार. पुन्हां एक, दोन, तीन, चार. पोहण्याच्या शास्त्रांत या मोजण्याला फार मोठें स्थान आहे, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. बुडणारें मूल सिनेमांतल्यासारखें ओरडत नाहीं. त्याचें तोंड पाण्याशीं आलेलें असतें, श्वास घ्यावयासच पुरत नाहीं तेथें हाक कोठून निघणार ? तें अर्ध्या-एक मिनिटांत निमूटपणें खालीं जातें, आणि चार हातांवर बसलेला मोठा मनुष्य हातांतील फोनकडे पाहात असतो. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य येथें उपयोगीं पडतें. स्वतःला पोहतां न येणारी आजीही डोकीं मोजूं शकते. मात्र मोजणाऱ्यानें दुसरें कांहीं करावयाचें नाहीं, गप्पाही नाहीं.

त्याच २०१९ च्या पुरांत, ८ ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली. होडींत माणसें क्षमतेहून अधिक होतीं, आणि मेलेल्यांत बायका व मुलें पुष्कळ होतीं. एवढ्या पुरांत पट्टीचा पोहणारा तरी वांचेलच असें कोणीं म्हणूं नये. परंतु ज्याला पाण्यावर उताणें पडून तग धरतां येतो, त्याच्यापर्यंत दोर किंवा दुसरी होडी पोंचावयास चार मिनिटें मिळतात. आणि न येणाऱ्यास तीं मिळत नाहींत. पुराच्या टापूंतील घरानें माळ्यावर पेट्या-गाद्यांबरोबर माणशीं एक तरंगणारें जाकीट ठेवावें, असें आम्हांस फार वाटतें. दिवाळींतील फराळाहून त्याला अधिक खर्च येत नाहीं.

मुलींविषयीं जे आक्षेप घेतले जातात त्यांची थोडी वासलात लावूं. मुलगी काळवंडते, होय, उन्हांत पोहल्यानें काळवंडते, आणि श्रावणापर्यंत पुन्हां उजळते. केस खराब होतात. टोपी घालावी व घरीं येऊन गोड्या पाण्यानें धुवावे. पोषाख लाजिरवाणा असतो. आतां मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झांकणारा पोहण्याचा पोषाख सर्रास मिळतो, तेव्हां हें कारण राहिलें नाहीं. महिन्यांतील चार दिवसांचें निमित्त. त्या दिवसांत जावयाचें कीं नाहीं हें त्या मुलीवर सोंपवावें, घरानें त्याची सभा भरवूं नये. राहतां राहिलें भय, आणि तें मात्र आक्षेपांत न धरतां प्रामाणिकपणें मान्य करावें. कारण तें भयच तिला शिकवण्याचें सर्वांत मोठें कारण आहे.

पोहण्यानें काय होतें हें पाहावयाचें तर सांगली जिल्ह्यानें दूर जावयास नको. पेठ-इस्लामपूरकडे १९४४ सालीं जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यांत होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें अंग लुळें पडलें. उपचार म्हणून पोहणें सुचविण्यांत आलें. जमिनीवर जे पाय भार घेत नव्हते त्यांचा भार पाण्यानें घेतला, आणि सात वर्षांनीं, १९७२ सालीं, जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत ५० मीटर मुक्त शैलींत ३७.३३ सेकंदांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. या स्पर्धांत भारताला मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. पद्मश्री मिळावयास मात्र २०१८ साल उजाडलें, आणि पुष्कळांना त्यांचें नांव कळलें तें २०२४ च्या चित्रपटावरून. एवढा उशीर कां झाला, हें आम्हांस अजून उलगडलेलें नाहीं. सांध्यांच्या दुखण्यानें हैराण झालेल्या आपल्या घरांतील वडील मंडळींनींही त्यांच्या चरित्रांतील ती उपचाराची गोष्ट मनावर घ्यावी. पाण्यांत गुडघ्यावर भार येत नाहीं, हें सत्तराव्या वर्षींही तितकेंच खरें आहे.

आतां तळ्यांविषयीं. उन्हाळ्यांत महाबळेश्वर, कास, तापोळा, बामणोली येथें सहली जातात, आणि स्वच्छ, स्थिर पाणी पाहून नदीपेक्षां हें बरें, असें सर्वांना वाटतें. महाबळेश्वरचें वेण्णा तळें सातारचे छत्रपति अप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ त बांधविलें. तेथें होडींत बसावें, वल्हीं मारावीं, भाजलेलें कणीस खावें, आणि घरीं यावें. कासचें पाणी साताऱ्याच्या लोकांनीं प्यावयाचें आहे. त्यांत अंग बुडवूं नये एवढा विवेक सुशिक्षितांनीं दाखवावा. कोयनेचा शिवसागर मात्र खरोखरच भुलविणारा. पण तें तळें म्हणजे डोंगरांच्या उतारांवर चढलेलें पाणी आहे. नेहमींच्या तळ्याप्रमाणें त्याचा तळ हळूहळू खोल होत नाहीं. दोन पावलांवर गुडघा आणि तिसऱ्या पावलावर कडा. पाणी वर कोमट व खालीं थंड. त्या थंडीनें अनवधानानें उडी घेणाऱ्याचा श्वास एकदम कोंडतो, पाय वळतात. वासोट्यास जातांना होडींत जाकिटें देतात, तीं मांडीखालीं घेऊन बसण्याकरितां नसतात.

फ्रान्समध्यें अगदीं खेड्यांतल्या तळ्यांवरही उन्हाळ्यांत शेंकडों कुटुंबें जातात, पोहतात, होड्या चालवितात. तेथील लोक आपल्याहून धाडसी असतात असें नव्हे; तेथें तळ्याची व्यवस्था लावलेली असते. पोहण्याचा भाग तरंगत्या दोरीनें वेगळा काढलेला असतो, होड्यांना त्यांत मज्जाव. ठरलेल्या महिन्यांत व ठरलेल्या तासांत जीवरक्षक बसतो. आणि हिरवें, पिवळें वा तांबडें निशाण पाहून आज पाण्यांत जावयाचें कीं नाहीं हें पांच वर्षांच्या मुलालाही कळतें. शिवाय पोहणें हा तेथें शाळेंतील विषय आहे, आणि तें आल्याचा दाखला मुलाला मिळतो. आपल्याकडे पाटी असते : 'येथें पोहण्यास मनाई आहे.' पाटीखालीं कपडे काढून ठेवलेले असतात. श्रीमंत देशांना हें परवडतें असें कोणी म्हणेल, तर त्यानें बांगलादेशाकडे पाहावें. तेथें गांवच्या तळ्यांतच बांबूचा मांचा व कठडा बांधून, पाण्याची खोली ठरवून घेऊन, खेड्यांतील मुलांना पोहावयास शिकवितात. २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा. मनाईच्या पाट्या वाचण्याचें तें वय नव्हे.

सांगलीच्या पूर्वभागांतील वाचकांना आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणें सांगावयाची. जत, कवठेमहांकाळ, तासगांव या बाजूला द्राक्षबागांसाठीं शेततळीं झालीं आहेत. त्यांना आंतून प्लॅस्टिकचा कागद लावतात. त्या कागदावर शेवाळ धरतें आणि उतार तिरपा असल्यामुळें आंत पडलेल्या मनुष्यास, तो पोहणारा असला तरी, वर चढतां येत नाहीं. हात घसरतो, पाय घसरतो, कांठ हातभर अंतरावर राहतो. एकास काढावयास दुसरा उतरतो आणि तोही सांपडतो. म्हणून शेततळ्याला कुंपण असावें, आणि चारी बाजूंनीं गांठी मारलेले जाड दोर खुंटाला बांधून आंत सोडलेले असावेत. मामाच्या मळ्यांत सुटीला गेलेल्या मुलांना हें तळें पोहण्याकरितां नाहीं, असें बजावून न थांबतां मामानें ते दोर आहेत कीं नाहींत हें स्वतः पाहावें.

कोणी बुडत असेल तर त्याच्याकडे झेंप घेऊं नये. बुडणारा मनुष्य हाताशीं येईल त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. कांठावर पालथें पडून काठी पुढें करावी. दोर नसेल तर लुगडें किंवा धोतर फेंकावें. नऊवारी लुगडें आठ मीटरांहून लांब असतें, आणि तें एवढ्या उपयोगास येईल असें त्याला कोणीं कधीं सांगितलेलें नसेल. झांकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेंकला तर त्यावर माणूस तरंगतो. बाहेर काढल्यावर पोटावर दाब देणें, उलटें धरून गरगर फिरविणें हे जुने उपाय सोडून द्यावे. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणें निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडानें पांच श्वास द्यावे, मग छातीच्या मध्यावर तीस दाब व दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत सोडूं नये. दुसऱ्यानें तेवढ्यांत १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन बोलूं लागलें तरी त्यास दवाखान्यांत न्यावें, कारण फुप्फुसांत गेलेलें पाणी कांहीं तासांनींही त्रास देतें. हें सर्व वाचून येत नाहीं; घरांतील दोघांनीं तरी एखाद्या प्रथमोपचाराच्या वर्गाला जाऊन तें हातानें करून पाहावें.

मग शिकवावें कोणीं ? पाण्यांतले धडे तलावावरील जाणत्या शिक्षकाकडून किंवा शिक्षिकेकडून घ्यावे, काकांच्या भोपळ्याचे दिवस गेले. परंतु मुलांना नेणें, बसून मोजणें, भीति वाटली त्या दिवशीं ओढून आंत न लोटतां पायरीवर पाय बुडवून बसूं देणें, हें घरचें काम आहे, आणि तें आत्यानें केलें काय, काकांनीं केलें काय, कीं आजोबांनीं केलें काय, सारखेंच. मूल शिकलें असें केव्हां समजावें ? तलावाची एक लांबी ओलांडली म्हणजे नव्हे. अंगावरच्या नेहमींच्या कपड्यांसह खोल पाण्यांत पडून, वर येऊन, उताणें होऊन पांच मिनिटें तरंगावें, आणि मग कांठ गांठून कोणाचा हात न घेतां बाहेर यावें. घरांतील सर्व मुलांमुलींची ही परीक्षा मृगापूर्वीं व्हावी. पुस्तकांचीं परीक्षा होऊन गेल्या. या परीक्षेला वेळ अजून आहे, आणि सुनांनीं बसावयास कोणतीही आडकाठी नाहीं.